दुसरी कापणी : ‘आफ्टरमॅथ’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजी वृत्तपत्रांत एखाद्या युद्धाची, भूकंपाची किंवा महापुराची वार्ता येऊन गेली, की चार-सहा दिवसांनी त्याच विषयावर दुसरा मथळा झळकतो आणि त्यात बहुधा ‘आफ्टरमॅथ’ हा शब्द असतो. कोसळलेली घरे, उघड्यावर पडलेली माणसे, अनाथ झालेली मुले, ओस पडलेले बाजार, हे सारे चित्र त्या एका शब्दात सामावलेले असते. इंग्रजी-मराठी कोशात पाहावे, तर तेथे ‘परिणाम’ आणि त्यातही ‘अनिष्ट परिणाम’ असा अर्थ आढळतो. वाचणाऱ्याचे काम तेवढ्याने भागते. परंतु ज्याला शब्दांच्या पोटात शिरण्याची खोड असते, तो येथे क्षणभर थबकतो. ‘आफ्टर’ म्हणजे नंतर, हे उघड आहे. मग हा ‘मॅथ’ कोण? शाळेतल्या गणिताशी त्याचा काही संबंध असावा काय?

गणिताशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. गणिताचे इंग्रजी नाव ग्रीकांकडून आले आणि त्याच्या मुळाशी शिकण्याची क्रिया आहे. हा ‘मॅथ’ मात्र अस्सल गावठी इंग्रजी आहे. तो चिखलात उभा राहिलेला, हातात लांब दांड्याचे पाते घेतलेला आणि पहाटेच्या दवात भिजलेला असा शब्द आहे. आज इंग्रजीत तो स्वतंत्रपणे जवळजवळ कोणी उच्चारत नाही. एका जोडशब्दाच्या शेपटाला चिकटून तेवढा तो जगला आहे.

त्याची व्युत्पत्ती सरळ आहे. गवत कापणे या अर्थी इंग्रजीत ‘मो’ असे क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीत धातूला ‘थ’ हा प्रत्यय जोडून त्या क्रियेचे नाम बनवण्याची रीत होती. ‘ग्रो’ म्हणजे वाढणे, त्यावरून ‘ग्रोथ’ म्हणजे वाढ. ‘टिल’ म्हणजे जमीन कसणे, त्यावरून ‘टिल्थ’ म्हणजे मशागत. ‘स्टील’ म्हणजे चोरणे, त्यावरून ‘स्टेल्थ’ म्हणजे चोरटेपणा. त्याच नियमाने ‘मो’ या धातूवरून ‘मॅथ’ हे नाम झाले. मराठीत पेरण्यावरून पेरणी, मळण्यावरून मळणी आणि कापण्यावरून कापणी होते, तसाच हा प्रकार आहे. ‘मॅथ’ म्हणजे कापणी, आणि ‘आफ्टरमॅथ’ म्हणजे नंतरची कापणी. वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या हेरफर्डशर परगण्यात ‘डे-मॅथ’ हे जमिनीचे एक मापही होते. एक माणूस एका दिवसात जेवढे गवत कापील तेवढी जमीन, म्हणजे सुमारे एक एकर, असा त्याचा हिशेब असे.

या शब्दाचे गणगोत मोठे आहे. जर्मन भाषेत गवत कापणे याला ‘मेएन’ म्हणतात आणि कापलेल्या गवताला ‘माट’ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘अमाओ’ आणि लॅटिनमधील ‘मेतेरे’ ही पीक कापण्याची क्रियापदे याच कुळातील मानली जातात. इंग्रजी काव्यात पावलोपावली भेटणारा ‘मेडो’ हा शब्दही या ‘मॅथ’चा सख्खा भाऊ होय. ‘मेडो’ म्हणजे हिरवळ, असे आपण ढोबळपणे समजतो. मूळ अर्थ त्याहून नेमका आहे. जी कापली जाते ती जमीन म्हणजे ‘मेडो’. जनावरे जेथे चरतात ती जागा वेगळी. तिला इंग्रजीत ‘पाश्चर’ म्हणतात आणि तो शब्द चारणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेला आहे. चराऊ रानात गुरे स्वतः खातात. कुरणात माणूस त्यांच्यासाठी कापून ठेवतो. हा भेद इंग्लंडच्या शेतकऱ्याला जीवनमरणाचा वाटे, कारण ‘आफ्टरमॅथ’ जन्मला तो या दोहोंच्या सीमेवर.

तो भेद समजण्यासाठी इंग्लंडचा हिवाळा ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडे गुरांचे हाल होतात ते उन्हाळ्यात. तेथे संकट हिवाळ्याचे. नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत गवताची वाढ थांबते. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत सलगम आणि क्लोव्हर ही चाऱ्याची पिके शेतीत रूढ झाली. तोपर्यंत गुरांना हिवाळा काढायचा, तो मुख्यतः वाळवून ठेवलेल्या गवतावर. गंजी जेवढी मोठी, तेवढे बैल वसंतात नांगराला उभे राहणार. आणि जेवढे बैल, तेवढे धान्य. म्हणूनच विजेत्या विल्यमने १०८६ साली साऱ्या राज्याची जी पाहणी करवली, तिच्या ‘डूम्सडे बुक’ या दप्तरात गावोगावच्या कुरणांची नोंद इतक्या काटेकोरपणे झालेली दिसते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नदीकाठच्या एक एकर कुरणाचे मोल पुष्कळदा तेवढ्याच नांगरटीच्या जमिनीच्या दुपटी-तिपटीचे असे.

हे कुरण वर्षभर एका शिस्तीने सांभाळले जाई. फेब्रुवारीच्या सुमारास ते गुरांना बंद होई. गावाचा एक नेमलेला रखवालदार असे, त्याला ‘हेवर्ड’ म्हणत. गवताला इंग्रजीत ‘हे’ म्हणतात, म्हणून हा गवताचा राखणदार असावा असे कोणालाही वाटेल. वस्तुतः त्याच्या नावातील पहिले पद कुंपणाचे आहे. तो कुंपणराखा होता. कुंपणे धडधाकट आहेत की नाहीत आणि कोणाचे चुकार जनावर आत शिरले आहे काय, हे पाहणे त्याचे काम. मार्च ते जून गवत आणि रानफुले मोकळेपणी वाढत. जूनअखेर किंवा जुलैत कापणी सुरू होई. ती पहाटेच करावी लागे, कारण दवाने ओले असलेले गवत पात्याखाली सहज येते आणि ऊन चढल्यावर तेच चिवट होते. कापणारे पुरुष एकामागे एक तिरकस रांगेत चालत आणि थोड्या थोड्या वेळाने थांबून दगडावर पाते पाजळत. मागून बाया-मुले दंताळ्यांनी ते गवत उलटीत, पसरीत, सायंकाळी त्याचे लहान ढीग करीत आणि सकाळी पुन्हा पसरीत. चार दिवस ऊन लाभले तर वर्षाची बेगमी झाली. मध्येच पाऊस आला, तर गवत कुजे आणि पुढल्या हिवाळ्यात गोठ्यात उपासमार होई.

पहिली कापणी उरकली की कुरण पिवळे, बोडके दिसू लागे. पण गवताची एक खुबी आहे. इतर अनेक वनस्पतींचा वाढता कोंब शेंड्याला असतो. गवताचा तो जमिनीलगत, पात्याच्या बुडाशी असतो. त्यामुळे विळा वरून फिरला, तरी जिवाला धक्का लागत नाही. ऑगस्टच्या सरी पडल्या, की त्याच मुळांतून नवी पाती उसळतात आणि तीन-चार आठवड्यांत कुरण पुन्हा हिरवेगार होते. उसाचे पीक तोडल्यावर त्याच खोडांतून फुटणाऱ्या पिकाला महाराष्ट्रातील शेतकरी खोडवा म्हणतो. गवताच्या अशाच दुसऱ्या वाढीला इंग्लंडच्या शेतकऱ्याने ‘आफ्टरमॅथ’ म्हटले. लेखी इंग्रजीत हा शब्द १५२० नंतरच्या दशकापासून आढळतो. लोकांच्या तोंडी तो त्याआधीपासून असला पाहिजे. ‘लॅटरमॅथ’ असेही त्याचे एक रूप होते.

ही दुसरी वाढ पहिलीसारखी उंच नसे. तिच्यात फुलांचे दांडे कमी आणि कोवळी पाती अधिक. दिवस लहान होत चाललेले, ऊन निवलेले, अशा वेळी ते रसाळ गवत कापून वाळवणे दुष्कर होई. म्हणून पुष्कळ ठिकाणी ते कापीतच नसत, गुरांना चारीत. नाव मात्र कापणीचेच राहिले. या कोवळ्या चाऱ्यावर गाईंचे आटत आलेले दूध पुन्हा वाढे आणि आईपासून तोडलेली कोकरे अंग धरीत. हिवाळ्यापूर्वी निसर्गाने दिलेले हे अखेरचे दान होते. म्हणूनच त्याला प्रांतोप्रांती नावे होती. यॉर्कशरकडे त्याला ‘फॉग’ म्हणत, उत्तरेकडे काही ठिकाणी ‘एडिश’ म्हणत, तर सफक परगण्यात ‘राउएन’ म्हणत. एका वस्तूला इतकी नावे पडली, म्हणजे ती घरोघर लागणारी वस्तू होती हे वेगळे सांगावयास नको.

या दुसऱ्या वाढीवर हक्क कोणाचा, या प्रश्नापाशी व्युत्पत्तीची कथा इतिहासात प्रवेश करते. पहिली कापणी ज्याच्या त्याच्या मालकीची असे. कुरणाचे लांबट पट्टे पाडून ते वाटून दिलेले असत. काही गावांत दरवर्षी चिठ्ठ्यांसारखी सोडत काढून वाटप होई. ऑक्सफर्डजवळील यार्नटन गावी या सोडतीसाठी लाकडाचे तेरा गोळे वापरीत. प्रत्येक गोळ्यावर कोण्या जुन्या कुळाचे नाव असे आणि ही रीत थेट विसाव्या शतकापर्यंत चालत आली. परंतु पहिले गवत घरी गेल्यावर जी दुसरी वाढ होई, ती साऱ्या हक्कदारांची सामाईक असे. तिचा मुहूर्तही ठरलेला होता. १ ऑगस्टला ‘लॅमस’ नावाचा सण येई. नव्या गव्हाची पहिली भाकरी त्या दिवशी देवळात अर्पण करीत, आणि सणाचे नावही ‘भाकरीची उपासना’ अशाच अर्थाचे आहे. त्या दिवशी कुरणाची फाटके उघडत आणि हक्कदारांची गुरे आत सोडली जात. अशा जमिनींना ‘लॅमस लँड’ असेच नाव पडले. १७५२ साली इंग्लंडने पंचांग सुधारून सप्टेंबरातील अकरा दिवस गाळले, तेव्हा पुष्कळ गावांनी जुना हिशेब सोडला नाही. त्यांचा लॅमस १२ ऑगस्टला येऊ लागला. सरकारी पंचांग बदलले म्हणून गवत काही अकरा दिवस आधी वाढत नाही, हे गावकऱ्यांना ठाऊक होते.

ज्याच्यापाशी एकच गाय आहे, अशा माणसाच्या लेखी या हक्काचे मोल फार होते. त्याच्या मालकीची जमीन ओंजळभर, त्यात धान्य पिकवावे की चारा? परंतु ऑगस्टपासून पुढे गावाच्या सामाईक कुरणात त्याच्या गाईला जागा होती. त्या गाईचे दूध, लोणी आणि वर्षाकाठी एक वासरू, यांवर घर उभे राही. ‘आफ्टरमॅथ’ हा त्या अर्थाने गरिबाचा शब्द होता. श्रीमंताची गंजी पहिल्या कापणीने भरे. दुसऱ्या वाढीत सर्वांचा वाटा असे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेवर घाव पडला. खुली शेते, सामाईक राने आणि कुरणे एकत्र करून, त्यांची फेरवाटणी करून, प्रत्येक तुकड्याला कुंपण घालावयाचे आणि सामाईक हक्क कायमचे संपवावयाचे, असा कायदा पार्लमेंट गावोगावासाठी स्वतंत्रपणे करू लागले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले. त्यांखाली सुमारे ६८ लक्ष एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा एक पंचमांशाहून थोडा अधिक भाग. यांपैकी बहुतेक कायदे १७५० ते १८५० या शंभर वर्षांतले. कुंपणांमुळे शेती सुधारली आणि उत्पन्न वाढले, हे त्या बदलाच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नव्हते. स्वतःच्या बंदिस्त जमिनीत मालक हवे ते बियाणे पेरू शकला आणि हवे तेव्हा कापू शकला. परंतु ज्यांचा कागदोपत्री हक्क दुबळा होता, त्यांच्या वाट्याला फार थोडे आले, आणि जो तुकडा आला त्याला कुंपण घालण्याचा खर्चही अनेकांना पेलला नाही. त्यांची गाय गेली आणि ते मजूर झाले. नॉर्थॅम्प्टनशरमधील हेल्पस्टन गावासाठी असा कायदा १८०९ साली झाला. त्या गावात वाढलेला जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी या उच्छेदाचा सर्वांत मोठा साक्षीदार मानला जातो. १८६४ साली त्याचा मृत्यू झाला तो नॉर्थॅम्प्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात. ज्या मोकळ्या रानांनी त्याला शब्द दिले होते, त्यांवर तोवर कुंपणे उभी राहून कित्येक वर्षे लोटली होती.

१८५१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक शहरांत राहत असल्याचे दिसून आले. कुरण पाहिलेलेच नाही अशा माणसांच्या तोंडी आता जुने शेतीचे शब्द येऊ लागले. ‘आफ्टरमॅथ’चा लाक्षणिक वापर तसा जुना, सतराव्या शतकाच्या मध्यापासूनचा. एखाद्या गोष्टीनंतर मागाहून जे येते ते, एवढाच त्याचा आशय. पण जोवर श्रोत्याच्या डोळ्यांपुढे हिरवे कुरण उभे राहत होते, तोवर त्या लक्षणेतही ओलावा होता. १८७३ साली अमेरिकन कवी लाँगफेलो याने आपल्या एका संग्रहाला हेच नाव दिले. कवी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. त्याच नावाच्या छोट्या कवितेत वर्णन आहे ते खरोखरीच्या दुसऱ्या कापणीचे. पहिला बहर सरला आहे, आता हाती येणारे गवत तणमिश्रित आणि उदास आहे, तरीही ती कापणीच आहे. उतारवयातील काव्यनिर्मितीचे हे रूपक ज्या वाचकांसाठी रचले गेले, त्यांना कुरण ओळखीचे होते.

पुढे पन्नास-साठ वर्षांत चित्र पार बदलले. पहिल्या महायुद्धात एक पिढीच्या पिढी खंदकांत पडली. यंत्रतोफांच्या माऱ्यात ओळीने कोसळणाऱ्या शिपायांसाठी इंग्रजीत जे क्रियापद रूढ आहे, ते गवत कापण्याचेच ‘मो’ हे क्रियापद. त्या कापणीनंतर जे उरले, त्याला ‘आफ्टरमॅथ’ हे नाव मिळणे अगदी स्वाभाविक होते. सीगफ्रीड ससून या सैनिक-कवीने १९१९ साली युद्धाचा विसर पडू पाहणाऱ्या लोकांना उद्देशून याच नावाची कविता लिहिली. विन्स्टन चर्चिलने महायुद्धावरील आपल्या विस्तृत ग्रंथाचा युद्धोत्तर काळावरील खंड १९२९ साली प्रसिद्ध केला, त्याचेही नाव ‘द आफ्टरमॅथ’. लाँगफेलोचे गवत आणि चर्चिलचे उद्ध्वस्त युरोप यांमध्ये ५६ वर्षांचे अंतर आहे. तेवढ्यात शब्दाचा चेहरा बदलून गेला. शेतकऱ्याच्या शब्दात दोन गोष्टी होत्या, एक कापणी आणि दुसरी तिच्यानंतरची नवी वाढ. शहराने कापणी तेवढी लक्षात ठेवली आणि वाढ विसरली.

असे होणे अटळ होते काय? शेजारच्या दोन भाषा तसे सांगत नाहीत. जर्मन शेतकरी या दुसऱ्या गवताला ‘ग्रुमेट’ म्हणतो आणि त्यातील पहिले पद हिरवेपणाचे आहे. फ्रेंच भाषेची साक्ष तर अधिक बोलकी आहे. फ्रेंच शेतकऱ्याचा या गवतासाठी शब्द आहे ‘रगँ’, आणि सफकचा ‘राउएन’ हा त्याचाच नातलग. फ्रेंचांनीही या शब्दाची लक्षणा केली. पण त्यांनी उचलली ती नव्या पात्यांची बाजू. म्हाताऱ्याच्या अंगी पुन्हा तरतरी आली, मंदावलेला धंदा पुन्हा चालू लागला, विस्मृतीत गेलेल्या लेखकाला पुन्हा वाचक लाभले, तर फ्रेंच माणूस म्हणतो की शक्तीचा, व्यापाराचा किंवा कीर्तीचा ‘रगँ’ आला. झाँ जिओनो या कादंबरीकाराने १९३० साली ‘रगँ’ नावाचीच कादंबरी लिहिली. प्रोव्हान्सच्या डोंगरातील एक ओस पडलेले गाव, त्यात उरलेला एक पुरुष, त्याला येऊन मिळालेली एक स्त्री आणि त्या दोघांनी पुन्हा नांगराखाली आणलेली जमीन, असा तिचा विषय आहे. चर्चिलचा खंड आणि जिओनोची कादंबरी यांच्या प्रकाशनात जेमतेम एका वर्षाचे अंतर. दोघांच्या मुखपृष्ठावर एकाच गवताचे नाव आहे. एकाने त्यात विनाश वाचला, दुसऱ्याने पुनर्जन्म वाचला.

इंग्लंडच्या जुन्या कुरणांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकात यंत्रे आणि रासायनिक खते आली. रानफुलांचे मिश्र गवत जाऊन एकाच जातीचे जोमदार गवत पेरले जाऊ लागले. ते वर्षातून तीन-चार वेळा ओलेच कापून मुरघासासाठी नेतात, आणि त्या कापण्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशी क्रमांकाची नावे पुरतात. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड-वेल्समधील सखल भागातील जुन्या धर्तीच्या फुलबहार गवताळ जमिनींपैकी सुमारे ९७ टक्के नाहीशा झाल्या, असा वनस्पतिशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वस्तू गेली, हक्क गेला आणि शब्द मात्र वर्तमानपत्राच्या मथळ्यावर राहिला.

तरीही सगळेच संपले असे नाही. विल्टशर परगण्यात, थेम्सच्या उगमापासून फार दूर नसलेल्या क्रिकलेड गावी ‘नॉर्थ मेडो’ नावाचे एक जुने कुरण आजही आहे. एप्रिलमध्ये तेथे जांभळ्या चौकड्यांच्या, खाली माना घातलेल्या फ्रिटिलरी फुलांचा गालिचा पसरतो. ब्रिटनमध्ये या रानफुलांचा एवढा मोठा साठा अन्यत्र क्वचितच उरला आहे. त्यांचे बी पिकून गळून पडल्यावरच तेथे गवताला पाते लागते. त्या जुन्या वेळापत्रकानेच ती फुले वाचवली आहेत. ‘कोर्ट लीट’ नावाचे गावाचे प्राचीन न्यायमंडळ तेथे अजून भरते आणि हेवर्डची नेमणूक करते. १२ ऑगस्टला, म्हणजे जुन्या लॅमसच्या दिवशी, हक्कदारांची जनावरे आत जातात आणि १२ फेब्रुवारीपर्यंत तेथे चरतात. त्यांच्या तोंडी जे कोवळे गवत लागते, तो खरा ‘आफ्टरमॅथ’.

शब्दांचे अर्थ कोणी हुकूम देऊन बदलत नाही आणि हुकूम देऊन ते परतही येत नाहीत. भूकंपानंतरच्या पडझडीला इंग्रजी वृत्तपत्रे उद्याही हाच शब्द वापरतील आणि त्यात त्यांची चूकही होणार नाही. मात्र ज्याला या शब्दाचे कूळ ठाऊक झाले आहे, त्याला तो वाचताना पडक्या भिंतींच्या पलीकडे आणखी काही दिसावे. विळा वरून फिरून गेला, तरी गवताचा कोंब जमिनीलगत शाबूत असतो. चार सरी पडाव्या लागतात आणि थोडे दिवस जावे लागतात. मग जी वाढ होते ती पहिलीएवढी उंच नसते, पण गाईला दूध येण्यापुरती असते. ज्या शेतकऱ्याने पहिल्यांदा हा शब्द उच्चारला, त्याच्या मनात तेवढेच होते.